घोडीला घुंगरमाळ घालायची तर

प्रश्न असा आला आहे: "आम्ही निपाणीजवळचे. अकलूजच्या बाजारातून चार वर्षांची पांढरी घोडी आणली आहे. स्वभावानं गरीब आहे, पण मोटारसायकल, उडणारी पिशवी, काहीही दिसलं की बुजते. परदेशात घोड्याच्या गळ्यात मणी आणि घंट्यांची माळ घालतात, त्यानं घोडा शांत होतो, असं मोबाइलवर बघितलं. आमच्या आजोबांच्या टांग्याच्या घोड्याची जुनी घुंगरमाळ घरात आहे. ती घालू का? कुठं बांधायची? कायम गळ्यात ठेवली तर चालेल का? वैशाखात वराती धरायचा विचार आहे."

माळ घाला. पण आजोबांची आहे तशी घालू नका, आणि घोडी शांत व्हावी म्हणून तर मुळीच घालू नका. बुजरी घोडी माळेनं शांत होत नाही. आधी घोडी ठिकाणावर आणायची, मग माळ. आपल्याकडं बहुतेक जण हा क्रम उलटा करतात आणि मग घोडीला खोडकर ठरवतात.

घोड्याला आपल्यापेक्षा बरंच वरच्या पट्टीतलं ऐकू येतं. माणसाचा कान साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंत जातो, घोड्याचा ३३ हजारांच्या आसपास. पातळ पत्र्याच्या घुंगराचा जो खणखणाट आपल्याला नुसता किरकिरा वाटतो, त्यातला आपल्याला न ऐकू येणारा भागही तिच्या कानात जातो. त्यात घोडी पडली पळून जीव वाचवणाऱ्या जातीची. भीतीची वस्तू मागं टाकली की तिचं काम झालं. गळ्यातली माळ मात्र मागं पडत नाही. ती दचकली की माळ वाजते, वाजली म्हणून पळते, पळाली की आणखी वाजते. वरातीत नवरदेवासकट उधळलेल्या घोड्यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. लोक बँडला दोष देतात. मी पहिल्यांदा विचारतो, त्या घोड्याच्या गळ्यात माळ पहिल्यांदा कधी घातली होती? बरेचदा उत्तर येतं, "त्याच दिवशी, सजवायला."

मग माळेचा उपयोग कुणाला? बसणाऱ्याला. माळ म्हणजे त्याला मिळालेला जादा कान. घोडी कदम चालीनं चालते तेव्हा चार पाय एकामागून एक पडतात आणि मान दर फेरीत दोनदा हलते. माळ सावकाश, सारख्या अंतरानं वाजते. दुडकीला पाय तिरके जोडीनं पडतात, मान जवळपास स्थिर राहते, पण सगळं अंग वर उसळतं, म्हणून ठेका दुप्पट घट्ट होतो. त्यापुढच्या तीन ठोक्यांच्या धावेत मान फेरीला एकदाच झोका घेते आणि माळेचा एकच मोठा आवाज येतो, मध्ये मोकळी जागा. हे कानात बसलं की खाली न बघता कळतं, घोडी घाई करायला लागली की रेंगाळायला लागली. नवीन पोरगा दुडकीवर बसून खोगिरात आपटत असतो, त्याला मी लगामाचं काही सांगत नाही. माळेबरोबर उठ-बस कर, एवढंच सांगतो. पोरगं ठेका धरतं, लगामाला हिसके बसायचे बंद होतात, आणि हिसके बंद झाले की घोडी आपोआप सैल सुटते. "माळेनं घोडा शांत झाला" असं परदेशातले लोक म्हणतात त्यातला खरा भाग बव्हंशी हा आहे. शिवाय बसणारा ठेका ऐकत असतो, त्यामुळं त्याचा श्वास कोंडत नाही, मांड्या आवळल्या जात नाहीत. घोडीला हे खोगिराखाली लगेच कळतं.

तुमच्या घोडीत मारवाडी किंवा काठेवाडी रक्त असेल आणि ती रहवाल, म्हणजे अंग न उसळवता झपझप जायची चाल, चालत असेल, तर मात्र माळ फारसं काही सांगणार नाही. रहवालीत पाठ आणि मान इतकी कमी हलते की घुंगरं नुसती कुजबुजतात. ती चांगली चाल आहे, माळ वाजावी म्हणून बिघडवू नका.

आणखी एक उपयोग आहे, तो फार कमी जणांना माहीत असतो. पुढच्या पायानं लंगडणारी घोडी दुखरा पाय टेकताना मान वर उचलते आणि धड पाय टेकताना खाली सोडते. दुडकीवर माळ एक ठोका जोरात, एक हळू अशी वाजायला लागली, तर खाली उतरा. नाल सैल झाला का, खुरात खडा अडकला का, पायाला कुठं गरम लागतं का, हात फिरवून बघा. खानापूर रोडच्या खडीवर चाललेल्या घोड्यांच्या बाबतीत डोळ्याला लंगड दिसण्याआधी माळेत ऐकू आलेली आहे. पण माळेवर निकाल देऊ नका. माळ काढून सपाट कडक जमिनीवर दुडकीत चालवा आणि मानेकडं बघा.

आता परदेशी माळेचं. रंगीत मण्यांची ही माळ तिकडं हौसेची आहे, आणि हौस वाईट नाही. पण घंटा बांधायची जुनी रीत सगळीकडं रस्त्यावरून आली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या मालवाहू गाड्यांना चार-सहा घोडे जुंपत आणि घोड्यांच्या गळपट्ट्यावर लोखंडी कमानीत घंटा बसवत. गाडी चिखलात रुतली आणि दुसऱ्यानं ओढून काढली, तर त्याला त्या घंटा देऊन टाकायची पद्धत होती. घंटा घेऊन मुक्कामी पोचणं म्हणजे वाटेत कुणाचे उपकार घेतले नाहीत. रशियात तीन घोड्यांच्या गाडीत मधल्या घोड्याच्या डोक्यावरच्या कमानीला घंटा असे. आपल्याकडं रामघाटातून, आंबोलीतून कोकणचं मीठ वर आणि घाटावरचं धान्य खाली जायचं, तेव्हा तांड्यातल्या पुढच्या बैलाच्या गळ्यातली घंटा वळणापलीकडच्या माणसाला सांगायची की वाट अरुंद आहे, थांब. हा उपयोग अजून संपलेला नाही. जांबोटी-कणकुंबीकडं कुणी घोड्यावर जात असेल तर मी माळ घालायला सांगतो. तिथं गवा आहे, अस्वल आहे. अस्वलाला आधी आवाज गेला की ते बाजूला होतं. अचानक गाठ पडली तर अंगावर येतं. पण निपाणी-चिकोडीच्या डांबरी रस्त्यावर ऊस गळिताच्या दिवसांत दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून येत असतो. त्याच्या ड्रायव्हरला तुमची घुंगरं ऐकू येणार नाहीत. अंधार पडल्यावर त्या रस्त्याला जायचंच असेल, तर घोडीच्या पायांना आणि दुमचीला, म्हणजे शेपटीखालच्या पट्ट्याला, चमकणारी पट्टी लावा. माळेवर भिस्त ठेवू नका.

आवाजाला न बुजणारा घोडा बघायचा तर आपल्याच जिल्ह्यात बघा. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे घोडे माउलींच्या पालखीसाठी आळंदीला जातात, सुमारे ३०० किलोमीटर पायी. हैबतबाबांनी १८३२ साली पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं, तेव्हापासूनचा हा मान. रिंगणात एक घोडा स्वार आणि पताका घेऊन पळतो आणि दुसरा, माउलींचा, पाठीवर कुणी नसताना. चारी बाजूंना टाळ-मृदंग, आरोळ्या, टापांखालची माती उचलायला धावणारी माणसं. तो घोडा एखादं साहित्य अंगावर घातलं म्हणून तिथं टिकत नाही. आठवडाभराहून जास्त गावागावातून चालत, मुक्काम करत, माणसांचे हात अंगावर घेत तो तिथं पोचलेला असतो. तुमच्या घोडीला वैशाखापर्यंत हेच पाहिजे. रोज थोडं बाहेर काढा, बाजाराच्या दिवशी लांबून माणसं दाखवा, मग जरा जवळून.

माळेची ओळख करून देतानाही तीच रीत. पहिले काही दिवस माळ तिच्या अंगाला लावूच नका. चंदी द्यायच्या वेळी तबेल्याबाहेर खुंटीला टांगा, वाऱ्यानं वाजू द्या. कान माळेकडं लावून ती खात राहिली तर ठीक. खाणं सोडून मान वर काढून उभी राहिली तर खुंटी लांब न्या. मग माळ मुठीत घट्ट धरून, एकही घुंगरू वाजू न देता, खांद्यावर चोळा. ती सैल झाली की मूठ जरा उघडा, एक-दोन घुंगरं वाजू द्या. आता नीट लक्ष द्या. आवाज कधी थांबवायचा, यात सगळं आहे. ती सरकत असताना मूठ मिटली, तर ती शिकते की सरकलं की आवाज थांबतो. ती उभी राहिली, जबडा चघळला, मान खाली सोडली, त्या क्षणी मूठ मिटा आणि दोन पावलं मागं या. डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, नाकपुड्या फुगल्यात, तेव्हा पुढं रेटू नका. हे करताना घोडी अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून-मागून दोरांनी, जखडलेली नको. जखडलेली घोडी भ्याली की दोर तोडते नाहीतर स्वतःला दुखवून घेते. दोर हातात, सैल, आणि मोकळी जागा.

हे जमलं की माळ गळ्यात घालून हातानं चालवा, मग लांब दोरावर गोल फिरवा, दोन्ही बाजूंनी. डाव्या बाजूनं न बुजणारी घोडी उजव्या बाजूनं बुजू शकते, दोन्हीकडून वेगळं शिकवावं लागतं. दुडकीवर माळ वाजत असताना तिची पाठ सैल राहिली, मगच पाठीवर बसा. किती दिवस लागतील ते घोडी ठरवेल.

आता माळ करायची कशी. बेंदराच्या आधी, म्हणजे आपल्या कर्नाटकी बेंदराच्या, ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमाराला निपाणी, संकेश्वर, चिकोडीत बैलांच्या साजाची दुकानं लागतात. अथणी-रायबागकडं गेलात तर गेज्जे, म्हणजे कानडीत घुंगरं, मागा, लगेच पुढ्यात येतील. तिथून बैलाची तयार घुंगरमाळ उचलू नका. ती रुंद पट्ट्याची, मोठ्या घुंगरांची, बैलाच्या मानेच्या मापाची असते. घोडीच्या गळ्यात ती खाली ओघळते आणि दर पावलाला खांद्याच्या सांध्यावर आपटते. तिथं केस जातात, मग कातडं. रोजच्या कामाची माळ पाव किलोच्या आत ठेवा.

घुंगरू ओतीव पितळेचं घ्या. उत्तर प्रदेशातल्या जलेसरचं घुंगरू देशभर जातं, ते बहुतेक दुकानात मिळतं. हातात घेऊन वजन बघा. पत्र्याचं निकेल चढवलेलं घुंगरू हलकं आणि चकाकतं असतं, पण घामानं महिन्याभरात गंजतं. दुकानात प्रत्येक घुंगरू आपल्या कानाशी धरून वाजवा. जे तुम्हाला टोचतं ते तिला जास्त टोचेल. मग फटीवरून बोट फिरवा. कड धारदार असेल तर कानस मारून घ्या, कारण आयाळीचा केस त्या फटीत जातो, घोडी मान हलवते, केस ओढला जातो. माळ घातल्यावर कारण नसताना मान झटकणारी घोडी दिसली, तर मी आधी आयाळ उचलून बघतो. दहातल्या बऱ्याच वेळा फटीत दोन-चार केस अडकलेले असतात.

मणी लाकडी चांगले. काचेचे निळे मणी दृष्टीसाठी घालायचे असतील तर दोन-चार घाला, पण ते गळ्याच्या पुढच्या बाजूला येऊ द्या, गव्हाणीला घासून फुटणार नाहीत असे. कवड्या घालणार असाल तर पाठ घासलेली बाजू आत येते आणि तिची कड लागते. आतून जाड कापडाची पट्टी शिवा. गोंडे लोकरीचे किंवा सुती. ते आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, रंग सुटतो का बघा. तुमची घोडी पांढरी आहे म्हणून सांगतो, बाजारातल्या लाल गोंड्यानं एका पावसात गुलाबी झालेली पांढरी घोडी मी बघितली आहे, आणि लग्न दुसऱ्या दिवशी होतं.

ओवायला नायलॉनची दोरी नको, तारेचं तर नावच काढू नका. माळ कुठं अडकली, गव्हाणीच्या खिळ्यात म्हणा, फाटकाच्या कडीत म्हणा, तर माळ तुटली पाहिजे, मान नाही. सुती दोरी घ्या आणि एका जागी मुद्दाम कच्चा जोड ठेवा, शिवायच्या साध्या दोऱ्याच्या दोन-तीन पदरांचा. पटपट दोन्ही हातांनी हिसका मारून बघा. तुमच्या हिसक्यानं सुटला तरच तिच्या हिसक्यानं सुटेल. हा जोड दर काही आठवड्यांनी बदला, घामानं दोरा कडक होतो.

बांधायची जागा: गळ्याच्या तळाशी, आयाळ संपते तिथून खोगिराच्या पुढं. घोडी मान खाली घालून चरते तेव्हा माळ घसरून कानाशी येते, म्हणून आयाळीच्या शेवटच्या बटांची एक बारीक वेणी घाला आणि माळ तिला बारीक दोऱ्यानं बांधा. माप मान वर असतानाही घ्या आणि खाली असतानाही. वर असताना आत आडवा हात सहज गेला पाहिजे. खाली असताना माळ इतकी लोंबू नये की पुढचा खूर तिच्यात जाईल. लगामाला, रिकिबीला किंवा खोगिराच्या कडीला माळ कधीही बांधायची नाही.

आजोबांची माळ. ती टांग्याच्या घोड्याची असेल तर पट्टा चामड्याचा असणार आणि इतकी वर्षं पडून आतून कुजलेला असणार. वाकवून बघा, भेगा पडल्या तर तो पट्टा भिंतीवरच राहू द्या. घुंगरं काढून घ्या. जुनं ओतीव पितळ आजच्यापेक्षा जाड असतं आणि आवाज गोड असतो. चिंच आणि राखेनं घासा, कडी झिजून पातळ झाली असेल ती बाजूला टाका, आतला खडा गंजून चिकटला असेल तर तीही. उरलेल्यांतली मोजकीच नव्या माळेत घाला, सगळी नको. टांग्याचा घोडा मोठ्या आवाजात वाढलेला होता, तुमची घोडी नाही. आजोबांना वाटत असेल तर माळ मंगसुळीच्या खंडोबाच्या पायाला लावून आणा. देव घोड्यावरचा आहे, त्याला कळेल.

कायम गळ्यात ठेवू नका. काम संपलं की माळ निघाली पाहिजे. रात्री घोडी लोळते, पाय अडकू शकतो. सतत वाजणारा आवाज तिला आणि तुम्हालाही ऐकू येईनासा होतो, मग ठेका कसला कळणार. आणि आपल्या पावसात ओली दोरी गळ्याशी राहिली की खाली बुरशी धरते, केस पुंजक्यानं निघतात. मृग ते दसरा माळ खुंटीवर.

पायात चाळ बांधू नका. वरातवाले मागतील. उभ्या-चालत्या मिरवणुकीत घटकाभर ठीक म्हणणारे आहेत, मी तेही करत नाही. दुडकीवर मागचा खूर पुढच्या पायाच्या चाळाला लागतो आणि पट्टा पायाच्या शिरेवर घासतो. घोडं नाचवणारे चाळाबरोबर काट्याचा लगाम वापरताना दिसतात. तो लगाम बेकायदा आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, आणि त्याखालच्या १९६५ च्या नियमांत काटे असलेला लगाम, काठी, जू वापरायला मनाई आहे. तोंडातून रक्त काढून नाचवलेली घोडी दोन हंगाम चालते, मग कुणाला तोंडाला हात लावू देत नाही.

पुढं कधी दुसरा घोडा घ्यायला बाजारात गेलात, तर सजवलेल्या घोड्याचा साज आधी उतरवायला लावा. चाळांच्या आणि घुंगरांच्या आवाजात टापांचा ठेका लपतो, आणि काही व्यापाऱ्यांना तेच पाहिजे असतं. कडक रस्त्यावर, दोर सैल सोडून, नुसत्या टापा ऐका. काढायला का-कू करणाऱ्याकडं पुन्हा जाऊ नका.

वैशाखाचं म्हणाल तर पहिली सुपारी लहान घ्या. गावातलीच, दिवसाची, डीजे नसलेली, ढोल-ताशा किंवा साधा बँड. घोडी बँडच्या मागं ठेवा, पुढं नको. फटाके वाजवायचे नाहीत हे सुपारी घेतानाच ठरवा, वरात निघाल्यावर कुणी ऐकत नाही. तिच्या तोंडाशी तुमचा ओळखीचा माणूस दोर धरून पाहिजे, नवरदेवाचे मित्र नकोत. आणि त्या दिवशी अंगावर जे काही घालाल, झूल, कलगी, माळ, त्यातलं काहीही तिनं आधी घरी घालून चाललेलं नसेल, तर ते घरीच ठेवा.